आत्याच्या नावावरचा धंदा

योगेशला सगळं कळतं. गणेशगुडीच्या अलीकडच्या त्या वाडीत हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही, तो स्वतःच सांगत फिरतो. धरणावर एका ठेकेदाराकडे कारकून, खिशाला दोन पेनं, आणि सुट्टीच्या दिवशी रामनगरला चहाच्या टपरीवर बसून सरकारला फुकटचे सल्ले. त्याची बायको रूपाली हे लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. सुरुवातीला तिला नवऱ्याचं कौतुक वाटायचं, पुढं कंटाळा यायला लागला. अलीकडे तो तोंड उघडायच्या आधीच तिच्या कपाळावर आठी चढायची.

धंदा रूपालीचा होता. काळी नदीवर बोटींत बसून ओरडायला येणाऱ्या शहरी लोकांना दुपारी भूक लागते, आणि लॉजवरचं पनीर खाऊन ते विटलेले असतात, हे तिनं हेरलं. घराच्या पडवीत चार बाकडी टाकली. भाकरी, कोंबडीचं सुकं, भात आणि सोलकढी, बस्स. पहाटे उठून वाटण तिनंच वाटायचं, भाकऱ्या तिनंच थापायच्या, उष्टी ताटं तिनंच घासायची. योगेशचं काम एकच, संध्याकाळी घरी येऊन आज किती ताटं गेली ते विचारायचं.

पण लोक रोख देईनात. सगळ्यांच्या हातात फोन. भिंतीवर स्कॅन करायचा कागद लावायची वेळ आली, तेव्हा योगेशची अक्कल जागी झाली.

"तुझ्या नावानं नको," तो म्हणाला. "बायकोचं उत्पन्न नवऱ्याच्या पगारात धरत्यात. दोघांचं मिळून टॅक्सवाले सालटं काढतील."

"कुणी सांगितलं?"

"रामनगरला सगळ्यांस्नी ठावं हाय."

रामनगरला म्हणजे टपरीवर. तिथं बसणाऱ्या एकाही शहाण्यानं आयुष्यात कधी टॅक्स भरलेला नव्हता, त्यामुळे त्याबद्दल बोलायला ते सगळे मोकळे होते. पण रूपालीला तेव्हा भाकऱ्यांची घाई होती. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा राग तिला पुढं नवऱ्याच्या रागाइतकाच येत राहिला.

योगेशनं नाव निवडलं काशीआत्याचं. काशी ही त्याच्या बापाची बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, वाडीच्या वरच्या अंगाला मातीच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. बीपीएलच्या कार्डावर मिळणारे तांदूळ आणि विधवेचा पगार म्हणजे सरकारी पेन्शन, एवढ्यावर तिचं चालायचं, आणि त्याबद्दल तिनं कधी कुणापुढं रडगाणं गायलं नाही. तो पगार यायचा त्याच खात्याला योगेशनं नवं सिमकार्ड जोडलं आणि ते आपल्या फोनात घातलं. गरीब म्हातारीच्या खात्याकडे कोण बघतंय, असा त्याचा हिशेब. दर महिन्याला पगाराएवढी रक्कम तो तिच्या हातावर नेऊन ठेवायचा, तीही उपकार केल्याच्या चेहऱ्यानं.

इथवर थांबला असता तर एक वेळ भागलं असतं. पण योगेशला पाप लागू नये याचीही काळजी होती. गावदेवीच्या जत्रेला तो आत्याला नवं लुगडं नेसवून देवळात घेऊन गेला आणि मानकरी झिलूबाबाला गाऱ्हाणं घालायला लावलं. आमच्या भागात कुठलंही नवं काम असं देवीच्या कानावर घालतात. मानकरी मोठ्यानं मागणं मागतो आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या दिवशी झिलूबाबानं मागितलं, "आई, ह्या काशीनं जेवणाचा धंदा मांडलाय, त्येला यश दे." लोकांनी होकार भरला. काशीआत्यानंही हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हटलं. पोरगं आपल्या नावानं चांगलं काहीतरी करतंय, एवढंच तिला समजलं होतं.

दोन वर्षं धंदा छान चालला. मग एका महिन्यात काशीआत्या रेशनच्या दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत आली. कार्ड बंद पडलं होतं. पुढच्या महिन्यात पगारही आला नाही, आणि नेमका त्याच महिन्यात पगाराएवढी रक्कम नेऊन द्यायला योगेश विसरला. रूपालीला हे कळलं ते आत्या तिच्याकडे वाटीभर तांदूळ उसने मागायला आली तेव्हा. उभ्या जन्मात जिनं कुणापुढं पदर पसरला नाही ती बाई दारात उभी होती, आणि तिच्या मागं भिंतीवर तिच्याच नावाचा कागद गिऱ्हाईकं स्कॅन करत होती. रूपालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी बाकडी उलटी करून ती आत्याला घेऊन जोयड्याला कचेरीत गेली. तिथला माणूस सरळ होता. त्यानं खातं दाखवलं आणि विचारलं, "आजी, एवढी उलाढाल तुमची? म्हणूनच कार्ड आणि पगार बंद झालाय. धंदा तुमचा नसेल तर तसं लिहून द्या, आम्ही चौकशी करतो."

"धंदा माझाच हाय," काशीआत्या म्हणाली.

"आत्या, खरं सांगा की वो," रूपाली काकुळतीला आली.

"देवीम्होरं व्हय म्हटलंय मी. आता न्हाई कशी म्हणू? कार्ड गेलं तर जाऊ दे, न्हाईतर जीभ झडंल माझी."

कुणाचंही काही चाललं नाही. बसमध्ये आत्या पदरात बांधून आणलेले चुरमुरे शांतपणे खात होती, आणि रूपाली खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात नवऱ्याला सोलत होती.

घरी गेल्यावर ती म्हणाली, "देवळात चला. पुन्हा गाऱ्हाणं घालायचं, खरं काय ते. त्याबिगर आत्या लिहून द्यायची न्हाई."

योगेशचा चेहरा उतरला. चार लोकांत नाचक्की होईल, म्हणाला. टॅक्सची धाड पडेल, मागची वर्षं उकरतील, घर लिलावात जाईल. आत्याला महिन्याचे तांदूळ आपणच देऊ, त्यात काय एवढं. हे त्यानं कोंबडीची तंगडी चघळत सांगितलं. एवढ्या भित्र्या माणसाला आपण एके काळी हुशार समजत होतो, याचीच रूपालीला शरम वाटली.

ती एकटीच रामनगरला गेली, टपरी ओलांडून, बाजारात लोकांचे रिटर्न भरून देणाऱ्या रक्षाकडे. रक्षानं सगळं ऐकून घेतलं, कोंबड्यांचा, तांदळाचा, गॅसचा खर्च विचारला आणि आकडेमोड केली.

"राबता तुम्ही, तर उत्पन्न तुमचंच. नवऱ्याच्या पगाराशी त्याचा काही संबंध नाही. दोन्ही वर्षांचं रीतसर दाखवून टाका."

"आणि टॅक्स किती बसंल?" रूपालीनं विचारलं.

"काही नाही. खर्च जाऊन जे उरतंय ते मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. दोन्ही वर्षांचा टॅक्स शून्य."

रूपालीनं तिला पुन्हा एकदा बघायला लावलं. उत्तर तेच आलं. परत येताना तिला हसू येत होतं, पण ते चांगलं हसू नव्हतं. जो टॅक्स मुळात बसतच नव्हता तो चुकवायला या दीडशहाण्यानं सख्ख्या आत्याच्या तोंडचा घास काढला होता, आणि वर देवीला साक्षीला ठेवलं होतं.

पुढच्या मंगळवारी देवळात माणसं जमली. योगेश आला, कारण न येण्यानं जास्त बोभाटा झाला असता. रूपालीनं झिलूबाबाला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, आणि झिलूबाबाला गाळून बोलायची सवय नव्हती.

"आई," त्यानं खड्या आवाजात सुरुवात केली, "ह्या योगेशनं टॅक्स चुकवायपायी काशीचं नाव लावलं. काशीचा बोल तू तिला माघारी दे. तिचं कार्ड तिला मिळू दे."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले.

"टॅक्स किती व्हता तेबी सांगा, बाबा," रूपाली म्हणाली.

झिलूबाबानं तिच्याकडे पाहिलं, मग देवीकडे. "टॅक्स काईबी नव्हता, आई."

मग मागं बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसतहसतच सगळ्या देवळानं "व्हय म्हाराजा" म्हटलं. योगेश पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

काशीआत्यानं हात जोडले, पण ती जागची हलली नाही. "मग धंदा कुणाचा म्हणून सांगायचं देवीला?" तिनं विचारलं.

झिलूबाबा सवयीनं योगेशकडे वळला. योगेशनंही सवयीनं खाकरून तोंड उघडलं.

"माझा," रूपाली म्हणाली.

झिलूबाबानं तिच्या नावानं गाऱ्हाणं घातलं. लोकांनी होकार भरला, काशीआत्यानंही भरला. मग सगळे योगेशकडे बघत थांबले, कारण घरच्या माणसाच्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

"व्हय म्हाराजा," तो पुटपुटला.

"ऐकू न्हाई आलं," काशीआत्या म्हणाली.