मायावती बघायला जूचंद्रला

वर्षभर मी लॅपटॉपवर ताऱ्यांचा संसार मांडून बसले आहे. जगभरातल्या सर्वेक्षणांचे कॅमेरे रोज रात्री आकाश टिपतात. त्यातून कमीजास्त चमकणाऱ्या ताऱ्यांचे आलेख मी फुलपाड्यातल्या स्वयंपाकघरात काढते. पण मोजणी सगळी दुसऱ्यांची! एक तरी नोंद माझ्या डोळ्यांची असावी, असं फार वाटत होतं. त्यासाठी मायावती ही तारका उत्तम: इतकी तेजस्वी की त्या कॅमेऱ्यांचेच डोळे दिपतात, आणि दर तीनेक दिवसांनी तिचा जोडीदार तारा आड येऊन तिला ग्रहण लागलं की काही तास मंदावते.

फुलपाड्यात आकाश टॉवरवाल्यांच्या मालकीचं. म्हणून ऑफिसातल्या मनीषाच्या माहेरी, जूचंद्रला निघाले. स्कूटरने हायवे, मग बापाणे फाट्याला उजवीकडे. तासभर धरा, खड्ड्यांचा वेगळा. फाट्यावर वडापाव खाल्ला ती चूकच, कारण मनीषाच्या आईने तांदळाची भाकरी आणि जवळा करून ठेवला होता. गच्चीवर गार वारा असतो, शाल न्या.

मनीषाचे वडील, तात्या, जन्मभर मिठागरात राबलेले. सात वाजता मी त्यांना मायावती दाखवली आणि तुलनेसाठी दोन शेजारी तारे: एक ठळक, एक बारका. माझ्या गणिताने ती नऊपर्यंत मंदावणार होती.

नऊला मी वहीत 'मंदावली' असं लिहिलं. मला खरंच तशी दिसली हो!

"काय लिवलंस?" तात्यांनी विचारलं. "मघा त्या बारक्यासारखी होती. आता मोठ्याच्या बरोबरीची झाली."

"तात्या, गणित करून आलेय मी."

"असंल. पन मिठागरात पानी बघूनच मीठ कळतं. आपल्या मनात हाय म्हनून मीठ पडत न्हाय."

मला रागच आला. त्यांना दाखवायला मोबाइलवर तिच्या ग्रहणांच्या वेळांचा तक्ता उघडला आणि चूक दिसली. जागतिक वेळेत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. तक्त्यात ते आधीच मिळवलेले होते. मी पुन्हा मिळवले. ग्रहणाचा मध्य उजेडातच होऊन गेला होता आणि मायावती तेव्हापासून उजळत होती. म्हणजे दोन तास मी आकाशाऐवजी माझं गणितच बघत होते. लाज वाटली. तात्या पोट धरून हसले, मग मीही.

घरी आल्यावर वहीतली ओळ खोडली आणि निरीक्षकांच्या गटाला तात्यांनी सांगितलं तेच पाठवलं. पहिली नोंद माझी व्हायची होती, ती त्यांची झाली. जरा चुटपुट लागली, पण नोंद खरी आहे. गटाच्या अर्जात तात्यांच्या नावाखाली निरीक्षणाचा अनुभव विचारला होता. तिथे लिहिलं: मिठागर, चाळीस वर्षं.