महिन्याचं उत्पन्न: शून्य

मॅडमनी आईकडं तिचा कमरेचा बटवा मागितला. तिनं दिला. मॅडमनी तो सगळ्या बायांसमोर टेबलावर उलटा केला.

मिश्रीची डबी. गुडघ्याच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. घराची किल्ली. घडी घातलेली वीसची नोट.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "मिश्रीला पैसे आहेत, बचतीला नाहीत. म्हणून तुमचं असं होतं."

मग माझ्याकडं वळून, "फोटो घे गं."

मी घेतला.

होय, मीच. गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. काम काय, तर गरीब बायांना घरखर्चाचं नियोजन शिकवणं. नेवाशाकडच्या एका कारखान्याजवळ ऊसतोड्यांच्या कोप्या होत्या, उसाच्या वाळक्या पाल्याच्या, पाचटाच्या झोपड्या. त्या दिवशी कारखाना बंद, म्हणून तोड बंद, म्हणून बाया सापडल्या. मॅडम सावेडीहून गाडी घेऊन आल्या होत्या. टेबल-खुर्ची गाडीतूनच आणलेली. बाया खाली पाचटावर.

ती माझी आई आहे हे मॅडमना माहीत नव्हतं. मुलाखतीत घरचा व्यवसाय विचारला तेव्हा मी 'शेती' म्हणाले होते. शेती दुसऱ्याची आणि त्यातला ऊस तोडणारे आम्ही, हे गिळलं होतं. आईनं मला लांबूनच ओळखलं आणि मान फिरवली. टोळीतल्या बाया आमच्याच पाथर्डीकडच्या, मला नागडी फिरताना बघितलेल्या. एकीनंही तोंड उघडलं नाही.

बटव्याच्या आधी फॉर्म झाला होता. तो मी भरत होते.

"महिन्याचं उत्पन्न किती तुमचं?" मी माझ्या आईला विचारलं. अहो-जाहो करून.

"म्हयन्याचं नसतंय मॅडम," आई मला म्हणाली. मला. मॅडम. "आमचं कोयत्याचं असतंय."

खुर्चीतून मॅडम हसल्या. "कोयत्याचं म्हणजे काय? आकडा सांगा. नसेल तर शून्य लिही गं, पुढं चल."

मी शून्य लिहिलं.

कोयता म्हणजे नवरा-बायको. दोघांचा मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम उचल देतो, सगळी मजुरी आगाऊ, आणि मग पाच-सहा महिने दोघं ती फेडत ऊस तोडतात. कागदावर नाव बापाचं. राबायला दोघं, अंगठ्याला एक.

उचल घरात आली की आई दोन दिवस कुणाशी धड बोलायची नाही. आधी बाजरी, हंगामभराची. मग तेलाचा डबा. मग माझी फी. मग बापाला विचारायची, "तुमाला काय पायजे?" ह्या क्रमात कधी बदल नाही. आणि कोपीवरचा रोजचा खर्च उचलीतून करायचाच नाही. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, त्याच्या पेंढ्या बांधून ती दूधवाल्यांना विकायची. दिवसभर मोळ्या वाहून वर ह्या पेंढ्या. चहा-साखर, मीठ-मिरची त्यातून. वाढ्याच्या पैशाला बापाचा हात नाही, मुकादमाचा नाही. हंगाम सुटल्यावर त्यातलं जे उरेल ते घेऊन घोडेगावच्या बाजारात जायची आणि एखादी पाठ, म्हणजे शेळीचं मादी पिल्लू, आणायची. कॉलेज उघडलं की खर्चाला दावणीची एक शेळी कमी. मी बी.कॉम. झाले तेव्हा दावणीला एकच राहिली होती.

बी.कॉम.ला अंदाजपत्रक शिकवलं मला. मार्क चांगले पडले. ते मला घरूनच येत होतं, हे वर्गात कुणाला सांगितलं नाही. लाज वाटायची.

आणि मिश्री. थंडीत पहाटे उपाशी पोटी ओल्या उसात शिरून बघा, मग बोलू. मॅडमना दर दोन तासाला चहा लागतो. त्यांची पर्स मी कधी टेबलावर ओतली नाही.

मग मी गप्प का बसले? पगारासाठी. आईचे गुडघे गेलेत. माझा पगार चालू राहिला तर पुढच्या हंगामाला उचल घ्यायची नाही, असं आमचं ठरलं होतं. तो शेवटचा हंगाम होता तिचा. आई त्यासाठीच गप्प बसली आणि मीही.

आठ दिवसांनी सावेडीच्या ऑफिसात मॅडमनी तो फोटो स्क्रीनवर मोठा केला.

"हिची यशोगाथा लिही. आधी उधळपट्टी, मग आपलं प्रशिक्षण, आता दरमहा बचत. एक पान. देणगीदारांना पाठवायचीय."

"ती आपल्याकडून काही शिकलेली नाही, मॅडम."

"शिकेल ना! तू लिही. तुझी भाषा गावाकडची आहे, खरी वाटते."

"ती माझी आई आहे."

मॅडम थांबल्या. मला वाटलं, आता लाजतील.

"अय्या, आधी सांगायचं ना! मग तर फारच छान. मुलीनं लिहिलेली आईची गोष्ट!"

मी खुर्चीतून उठले. 

"नाही लिहिणार."

"भावनिक होऊ नकोस. नोकरी आहे ही."

"माहितीये."

फाईलमधून आईचा फॉर्म काढला. शून्यावर रेघ मारली. बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं सगळं, बाजरी, तेल, वाढं, पाठ. जागा पुरली नाही तर मागं लिहिलं. ओळखपत्र काढून त्यावर ठेवलं आणि नेवाशाची एस.टी. धरली.

आई वाढ्याच्या पेंढ्या बांधत होती. मी सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"पगार?"

"बंद."

"फोटूच हुता ना? त्यानं काय माझं मास गेलं? मी कुनापायी गप बसले? आन तू सोडून आलीस व्हय?"

"मला सहन झालं नाही, आई."

"आन मला हुतंय? लई आली सहन न व्हनारी!"

मी खाली बसून पेंढ्या आवळायला लागले. पेंढी बाजूला टाकत ती म्हणाली, "शून्य खोडलंस ना पर?"

"खोडलं."

आई गुडघ्यावर हात रोवून उठली. तिनं मला माफ केलं असं मी लिहिणार नाही. केलेलं नाही.

तो फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे अजून. त्यात आई दिसते, बटण दाबणारी दिसत नाही. म्हणूनच पुसला नाही, ती मीच होते हे विसरायचं नाही.

दसऱ्याआधी मुकादम दारात येईल. तोवर मला काम मिळालं तर आई जाणार नाही. नाही मिळालं तरी आई जाणार नाही. बापाबरोबर मी जाईन, ऊस तोडीन. पण उचलीच्या कागदावर एकट्या बापाचं नाव लिहू देणार नाही. अर्धा कोयता माझा, तर खाली सही माझी. मुकादमाला नको असेल तर त्यानं दुसरा कोयता बघावा.

आणि कोपीवर कुणी फॉर्म घेऊन आलं, महिन्याचं उत्पन्न विचारलं, तर खुर्ची मी उचलून बाजूला ठेवीन. खाली बस म्हणेन, पाचटावर. बसलीस? आता विचार. आणि मी सांगते ते सगळं लिही.