एका चष्म्याचं घर

"कापड वाढत नसतं, बसवणारा शहाणा लागतो."

मास्तरांचं हे वाक्य कारखान्याच्या भिंतींनासुद्धा पाठ झालं होतं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यातले कटिंगमास्तर. लांबलचक टेबलावर कापडाचे थर पसरायचे, त्यावर बाही, पाठ, कॉलर यांचे कागदी फर्मे मांडायचे, खडूनं आखायचं आणि मग कात्री चालवायची. मास्तर फर्मे असे मांडत की दोन तुकड्यांच्या मध्ये बोटभर कापड वाया जाऊ नये. एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी, बाहीच्या वळणात कॉलर, कॉलरच्या कुशीत खिसा. झाडणारी बाई टेबलाखाली वाकून म्हणायची, "मास्तर, माझ्या पोटावर पाय देताय. चार चिंध्या विकून मी चहा तरी प्यायले असते!"

घरही त्यांनी असंच बसवलं होतं. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या. एकुलती मुलगी परगावी नर्सिंग शिकत होती. तिची फी हा पहिला फर्मा, तो आधी मांडायचा. मग भाडं, मग धान्य आणि तेल, मग वीज. उरल्या जागेत जे मावेल ते. काही घ्यायचं म्हटलं की मास्तर एकच विचारत, "लागतंय, की नुसतं आवडलंय?" पेस्टची ट्यूब ते कात्रीनं उभी चिरत आणि आतून पुसून आणखी चार दिवस काढत. शर्टाची कॉलर झिजली की उसवून उलटी लावत. खोल्या दोन आणि बल्ब एक. माणसं ज्या खोलीत, तिथे बल्ब. पण म्हणून ते चिक्कू नव्हते. खालच्या सायकलवाल्याच्या आईला रात्री दम लागला तेव्हा दवाखान्याच्या गाडीचे पैसे त्यांनी काढून दिले आणि परत मागितले नाहीत. "ते लागत होतं," एवढंच म्हणाले.

त्यांची बायको त्याच कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर होती. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. या संसाराचा तिला जाच नव्हता, उलट तोरा होता. ज्यांच्या घरात चार चार बल्ब, त्यांच्याकडे महिनाअखेर अंधार, आणि आपल्याकडे एका बल्बावर मुलगी शिकतेय, हे ती कुणी विचारलं नाही तरी सांगायची.

एकच गोष्ट मात्र तिनं कुणाला सांगितली नव्हती.

सहा वर्षांपूर्वी तिला सुईचं नेढं दिसेनासं झालं. तिनं चकार शब्द काढला नाही, पण दोरा नेढ्याशेजारून जाताना मास्तरांनी पाहिला. त्यांनी ट्रंकेतून आईचा चष्मा काढला. म्हातारी जाऊन वर्ष झालं होतं, चष्मा मात्र धडधाकट होता.

"बघ, तुला चालतो का."

तिनं घातला. सुई होती तीही नाहीशी झाली, आणि फरशी एकदम खाली गेली. पण मास्तर समोर उभे होते, नवी साडी आणलेल्या माणसासारखे. नाही म्हटलं तर हा माणूस नवा चष्मा घेणार, आणि मुलीच्या शाळेच्या फीच्या फर्म्यातून तुकडा जाणार.

"अगबाई, किती स्वच्छ दिसतंय!" ती म्हणाली.

आठवडाभरानं मास्तर पेपर हातभर लांब धरून वाचताना दिसले. तिनं लगेच चष्मा पुढे केला. "अहो, तुम्हीपण घालून बघा की."

मास्तरांनी घातला, पेपर जवळ घेतला, लांब नेला आणि म्हणाले, "अरे वा! लख्ख!"

तिला इतका आनंद झाला की रात्री झोप लागेना. आपल्याला नाही तर नाही, यांना तरी बसला! वाटण्या झाल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार चष्मा मास्तरांचा. बाकीचे दिवस तिचा. तिच्या दिवशी मास्तरांची नजर तिच्याकडे असली की चष्मा नाकावर, नजर वळली की कपाळावर. सकाळीच ती शेजारणीकडून दहा सुया ओवून घ्यायची आणि पुढचं काम बोटांवर सोडायची. बोटांना काय, बटणाची चार भोकं अंधारातही सापडतात.

अशी सहा वर्षं गेली, आणि एका गुरुवारी दुपारी मालक स्वतः कटिंगच्या टेबलापाशी आले. मालक खाली येत नसत, माणसाला वर बोलवत. मशिनी एकामागून एक थांबल्या. मालकांच्या हातात पिवळा फ्रॉक होता. दुकानदारानं परत पाठवलेल्या एकशेवीस फ्रॉकांपैकी एक.

"मास्तर, या कापडावर काय आहे?"

मास्तरांनी कापड हातभर लांब धरलं. "ठिपके."

"काय?"

"पांढरे ठिपके. का? रंग गेला का? आणि मालक, या मालात मी सहा मीटर कापड वाचवलं. फर्मे उलटसुलट बसवले. ठिपक्यांना कुठे डोकं आणि पाय असतात!"

कुणी हसलं नाही. इस्त्रीवालाही हसला नाही, आणि तो तर मयताच्या घरीही हसायचा.

"बदकं आहेत ती, मास्तर," मालक हळू म्हणाले. "पोटावरची चालताहेत, आणि पाठीवरची सगळी डोक्यावर उभी आहेत. एकशेवीस फ्रॉक!"

काज-बटणाच्या टेबलावर मास्तरीणबाईच्या हातातली सुई गळून पडली. बटणं पाठीवर होती. एकेका पाठीला तीन. एकशेवीस पाठी तिनं मांडीवर घेतल्या होत्या, त्यांच्यावरून बोटं फिरवली होती. तिलाही ते ठिपकेच वाटले होते. पण ती आंधळी कोशिंबीर खेळत होती, हे तिचं तिला ठाऊक होतं. यांचं काय? ते कापड गेल्या महिन्यात कापलं, तो बुधवार होता. बुधवार तर यांच्या चष्म्याचा!

मालक इस्त्रीवाल्यावर ओरडले, "तुला तरी दिसली असतील ना रे?"

"दिसली की. मला वाटलं, तसलीच फॅशन असेल. आणि मास्तरांचं कापणं चुकलं म्हणायला माझी टाप आहे का?"

मालक मास्तरांकडे वळले. आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच अंगावर काटा आला. "बावीस वर्षं या टेबलाला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही मी. आता ऐका. डोळे तपासून घ्या. दिसतंय असा कागद सोमवारी आणा. साधं पिवळं कापड देतो, सगळ्या पाठी नव्यानं कापा, आणि टेबल तुमचं. कागद नसेल, तर मंगळवारी इथे दुसरा माणूस उभा असेल."

घरी जाताना दोघं चार हात अंतर ठेवून चालत होते. तिच्या डोक्यात एकच घण पडत होता: चष्मा असून दिसलं कसं नाही? याहून मोठं काही आजारपण असेल का? सायकलच्या दुकानापाशी तिनं विचारलंच, "अहो, डोळ्यांत दुखतंबिखतं का?"

"दुखत नाही," मास्तर म्हणाले, आणि जिना चढून गेले.

शुक्रवारी कामावर जायच्या आधी दोघं कारखान्याच्या रस्त्यावरच्या चष्मेवालीकडे गेले. तरुण मुलगी होती, चटपटीत. तिनं आधी मास्तरांना खुर्चीत बसवलं, काचा बदलून बदलून अक्षरं वाचायला लावली. मग मास्तरीणबाईला म्हणाली, "काकू, आलाच आहात तर तुम्हीपण बसा." शेवटी तिनं तो जुना चष्मा उचलला, यंत्रात धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा कोणाचा?"

"यांचा," मास्तरीणबाई म्हणाली.

"हिचा," मास्तर म्हणाले.

दोन्ही शब्द एकदमच पडले. मुलगी एकदा इकडे बघे, एकदा तिकडे.

"नक्की कोणाचा? कारण हा लांबचं बघायचा आहे, आणि चांगला जाड आहे. तुम्हा दोघांचं लांबचं उत्तम आहे, जवळचं गेलंय. हा घातला की जवळचं उरलंसुरलंही जाणार. हा घालून कोणी काम करत असेल तर ते डोळे मिटून केल्यासारखंच."

मास्तरीणबाईनं नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही लख्ख म्हणालात," ती म्हणाली.

"तू स्वच्छ म्हणालीस," मास्तर म्हणाले.

"मी खोटं बोलले. पण तुम्ही? तुम्ही कधी..."

"मला वाटलं, तुला बसलाय. मी नको म्हटलं असतं तर तू माझ्यासाठी नवा घ्यायला लावला असतास. मग मी म्हटलं, असू दे. हिची सुई तरी चालतेय." मास्तरांचा आवाज कापडाच्या जुन्या घडीवर फाटावा तसा फाटला. "सहा वर्षं गं! मी कपाळावर ठेवूनच कापत होतो. खडूची रेघ बोटानं चाचपायची आणि कात्री सोडायची."

तिला हसू येईना, रडू येईना. पायाखालची फरशी पुन्हा एकदा खाली गेली, आणि या वेळी नाकावर चष्मा नव्हता. पै वाचवायची म्हणून दोन शहाण्या माणसांनी सहा वर्षं एकमेकांना अंधारात ठेवलं होतं, आणि दोघांनाही वाटत होतं, उजेड पलीकडच्याला दिलाय.

"आता यांचा करा," ती घाईघाईनं म्हणाली. "माझं पुढच्या महिन्यात बघू."

"हिचा आधी," मास्तर म्हणाले. "सुईचं काम आहे. मला नुसता कागद द्या."

चष्मेवालीनं पेन टेबलावर आपटलं. "काका, काकू, असंच करून सहा वर्षं घालवलीत ना?"

दोघं खाली बघू लागले. शाळेत कान पकडल्यासारखे. मग मास्तर म्हणाले, "दोन करा. साध्यातल्या साध्या फ्रेमी. मुलीला मी कळवतो, फीचा शेवटचा हप्ता पंधरा दिवस उशिरा भर म्हणून."

एवढं वाक्य त्या माणसाच्या तोंडून येईल असं तिला कुणी शपथेवर सांगितलं असतं, तरी तिनं खरं मानलं नसतं.

सोमवारी सकाळी दोघं पुन्हा दुकानात आले. मास्तरांचा चष्मा तयार होता, तिचा संध्याकाळी मिळणार होता. मास्तरांनी तो डोळ्यांवर चढवला, पिशवीतून तो परत आलेला फ्रॉक काढला आणि उजेडाकडे धरला. मग डोळ्यांजवळ आणला.

"यांना चोची आहेत," ते म्हणाले. "पंख आहेत. आणि हे बघ, एवढासा डोळापण आहे." त्यांनी फ्रॉक उलटा केला, पाठ बघितली, आणि झटका बसल्यासारखे मागे सरले. "अरे देवा. काय करून ठेवलं मी हे!"

चष्मेवालीनं दिलेला कागद खिशात घालून ते उठले. ती मागोमाग निघाली तशी त्यांनी हात आडवा केला. "तू संध्याकाळी चष्मा घेऊन ये. आज न बघता सुई हातात घेतलीस तर माझ्याशी गाठ आहे. तू आज येत नाहीस हे मालकांना मी सांगतो, आणि पाठी मीच उसवतो."

मास्तर रस्त्याला लागले. चष्मा तसाच नाकावर. जवळचं बघायचा चष्मा घालून चाललं की जमीन वर आल्यासारखी होते. मास्तर गुडघाभर पाण्यातून चालल्यासारखे पाय उचलून उचलून टाकत होते.

"अहो काका!" चष्मेवाली दारातून ओरडली. "चालताना काढायचा तो!"

"पैसे मोजलेत!" मास्तर मागे न बघता म्हणाले.

मुलगी कपाळाला हात लावून आत गेली. मास्तरीणबाई पायरीवर उभी राहिली. लांबचं तिला दिसत होतं. उंच पडणारं एकेक पाऊल, खिशातला कागद चाचपणारा हात, सारं दिसत होतं. मास्तर रस्त्याच्या टोकाला कारखान्याच्या फाटकाशी पोचले, नसलेली पायरी चढले आणि आत गेले.

ती तिथेच उभी होती.