बैल यानातच होता

गेल्या तान्ह्या पोळ्याला आमच्या अंतराळयानाने कॉलनीचं तोरण पूजेच्या आधीच तोडलं, आणि त्या वेळी यानात एक बैल होता. यात माझी काडीचीही चूक नाही. हे मी कॉलनीतल्या प्रत्येकाला तोंडी सांगून झालंय, आता लिहून सांगतो.

मी मूळचा पुण्याचा. बायको वैशाली नागपूरची. बुटीबोरीच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही इकडे आलो आणि बेसा भागात घर घेतलं. मी इंजिनिअर आहे. कारखान्यात सरकत्या पट्ट्यांच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा मानतात. कॉलनीत मात्र मला नावच नाही! दूधवाले, पेपरवाले, तसा मी 'पुण्यावाले'. भाजीच्या गाडीवर जरा घासाघीस केली की मागून आवाज आलाच, "पुण्यावाले भाव करून राहिले!"

तेही मी गिळलं असतं. पण प्रश्न माझ्या लेकीचा, सईचा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे लहान मुलांचा पोळा भरतो, तो तान्हा पोळा. मुलं चाकांचे लाकडी बैल सजवतात, दोरीने ओढत आणून तोरणासमोर रांग लावतात. पूजा होते, बक्षिसं होतात, मग तोरण तोडतात. तोरण तुटलं की पोळा 'फुटला', आणि मुलं बैल घेऊन घरोघर बोजारा मागायला सुटतात. बोजारा म्हणजे खाऊ नाहीतर चिल्लर. आदल्या वर्षी आम्ही नवे होतो. सईकडे बैल नव्हता, तिला कुणी बोलावलं नाही, आणि आमच्या दारी एकही बैल आला नाही. पोरगी चॉकलेटांची वाटी मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत पायरीवर बसून होती. मला अजूनही ते आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

तेव्हा या वर्षी मी ठरवलं, आता दाखवतोच!

सासूबाईंनी वैशालीचा लहानपणचा सागवानी बैल माळ्यावरून काढून दिला. म्हणाल्या, "रंग द्या, झूल टाका, झालं." झालं? इंजिनिअरच्या घरातला बैल आणि नुसती झूल? सईला तर अंतराळाचं वेड. ती म्हणाली, "बाबा, आपला बैल चंद्रावर जाऊ दे ना!" (म्हणजे कल्पना तिची. पुढे चौकशीत मी हे सांगितलं तर सगळे म्हणाले, लेकरावर ढकलून राहिले!)

मी कामाला लागलो. प्लायवूडचा सांगाडा, थर्माकोलचे पंख, वर चंदेरी कागद, जुन्या बॅटरीच्या गाडीतल्या दोन मोटारी आणि तिचाच रिमोट. बैल आत, खुर्चीवर, पट्टा बांधून. वर झाडूच्या दांड्याचा अँटेना.

"अहो, हा दांडा तोरणाले लागंल," वैशाली म्हणाली. (ती एरवी माझ्याशी प्रमाण मराठीत बोलते. नागपुरीत शिरली की समजावं, पारा चढलाय.)

"अँटेना नसेल तर पृथ्वीशी संपर्क कसा राहणार?"

"तुमचा तसाही कुठं आहे!"

पोळ्याच्या मैदानात यान पोहोचलं आणि मुलांचा गराडा पडला. सईची मान अशी ताठ झाली की मला भरून आलं. तेवढ्यात कॉलनीचे कर्ताकरविता वानखेडे काका आले. ओळीत कोण उभं राहणार, पाहुण्यांना हार कोण घालणार, सगळं त्यांच्या हुकमाने. त्यांनी यानाला एक फेरी मारली.

"हे काय होय?"

"अंतराळयान!"

"ते दिसून राहिलं. बैल कुठी आहे?"

"आत."

"आत? पोळा बैलाचा आहे का डब्याचा?"

मी झाकण उघडून बैल दाखवला. काकांनी वाकून पाहिलं.

"याले पट्टा काहून बांधला?"

"अंतराळात वजन राहत नाही ना, तरंगू नये म्हणून."

"सागवानी बैल तरंगते?" काकांनी इकडे तिकडे पाहिलं. "आन् दोर कुठी आहे?"

"दोर नाही. रिमोटवर चालतं."

"दोर नाही म्हंजे मोकाट बैल! मोकाट बैल ओळीत उभा नाही राहत, बाप्पा."

सईचा चेहरा पडला. मी तावातावाने दोन शब्द बोलणार होतो, पण वैशालीने पिशवीची नाडी काढून यानाच्या नाकाला बांधली आणि दुसरं टोक सईच्या हातात दिलं. काका निवले. यान ओळीत लागलं, तेही सर्वांत पुढे, कारण मागे ते मावेचना.

आता प्रमुख पाहुणे यायचे होते. ते काही येईनात. मुलं कंटाळली, बैल एकमेकांवर आपटू लागली. आणि तेव्हा सासूबाई पूजेचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन उठल्या.

"माझे गुडघे दुखून राहिले. मी आपल्या बैलाची पूजा करूनच घेते."

करा ना! मी कुठे अडवलं? कुंकू लावा, अक्षता टाका, ओवाळा! पण पोळ्याला आधी बैलाचे पाय धुतात, हे मला कुणी सांगितलं होतं? बैल पट्टा बांधून आत बसलेला, त्याचे पाय काही सापडेनात. म्हणून सासूबाईंनी भक्तिभावाने अख्खा तांब्या यानाच्या चाकांवर रिकामा केला.

चाकांच्या वरच मोटारी होत्या.

"आई, नको!" मी ओरडलो. चर्रर्र झालं, लाईट लागले, विझले, पुन्हा लागले, आणि यान निघालं! मी रिमोट दाबतोय, मारतोय, हलवतोय, यान ऐकतंय कुठे? नाडीचं टोक घट्ट धरून सई मागे धावतेय. अँटेना थेट तोरणात घुसला. आंब्याची पानं, फुलं, दोरी, सगळं खाली!

 कुणीतरी एक पोट्टा बेंबीच्या देठापासून ओरडला, "पोळा फुटला रेऽऽ! हर हर महादेव!"

संपलं. सगळे बैल एकदम सुटले. काका हात पसरून आडवे उभे, "अरे थांबा! पूजा राहिली! बक्षिसं राहिली!" त्यांच्या दोन्ही बाजूंनी बैल चालले. आणि नेमके त्याच वेळी फाटकातून पाहुणे आत आले. रिकामं मैदान, तुटलं तोरण आणि हातात रिमोट घेतलेला मी!

"हे कोणी केलं?" पाहुण्यांनी विचारलं.

मी ताबडतोब सांगायला सुरुवात केली की हे पाण्यामुळे झालं, शॉर्टसर्किट म्हणजे काय असतं, विजेच्या वस्तूवर तांब्या ओतणं हे कोणत्या शास्त्रात बसतं? सासूबाई म्हणाल्या, "पोळ्याले बैलाच्या पायावर पाणी नाही टाकाचं तं काय पेट्रोल टाकाचं?" मागे राहिलेले सगळे हसले. मी एकटा चिडलेला! पाहुणे म्हणाले, "बाहेरचे दिसतात."

तेव्हा वानखेडे काका, ज्यांनी मला आतापर्यंत नजरेने भाजून काढलं होतं, ते एकदम फिरले. "बाहेरचे कायले? आमचे पुण्यावाले आहे ते!"

मी शॉर्टसर्किटचं पुढचं स्पष्टीकरण तिथेच सोडून दिलं. (असं क्वचित होतं.)

घरी येऊन पाहतो तर यान शेवटी आमच्याच फाटकाला धडकून थांबलं होतं, आणि सईमागे धावत सुटलेली कॉलनीतली सगळी मुलं आमच्या दारात उभी होती. "बोजारा! बोजारा!" या वर्षी कुणी येईल असं धरलंच नव्हतं, घरात चॉकलेटसुद्धा नाही! वैशालीने माझी लपवून ठेवलेली पुण्याची बाकरवडी बाहेर काढली, माझ्या डोळ्यांदेखत डबा रिकामा केला. सई पायरीवर उभी राहून एकेका बैलापुढे वाटत होती, आणि ओरडत होती, "धक्का नका देऊ बे, सगळ्यांले भेटते!" (माझी मुलगी! 'बे' म्हणाली! मी त्या दिवशी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.)

आठवडाभराने काका घरी आले. पुढच्या वर्षी पूजा होईपर्यंत तोरणाची दोरी मी धरायची, असं ठरलं होतं. मी लगेच पुण्याला मोठ्या भावाला फोन लावला, "अरे, इथला मोठा मान मिळाला मला!"

फोन ठेवल्यावर वैशाली म्हणाली, "मान कसला? दोन्ही हात दोरीत अडकले की तुम्ही दुसरं काही करणार नाही, म्हणून दिलंय ते काम."

हा सरळसरळ अपमान आहे. पण माझ्याकडे उपाय आहे. दोरी न धरता तोरण आपोआप वरखाली व्हावं, म्हणून सध्या मी एक छोटी मोटार बसवतो आहे.