मृत्युलेखातलं एक वाक्य

त्या सोमवारी माझ्या वहीत अकरा कामं होती आणि प्रार्थना अकराव्या क्रमांकावर होती. हे लिहिताना संकोच वाटतो, पण खरं तेच आहे. वर्ष-दीड वर्ष मी प्रार्थनाही काम उरकावं तशी करत होते. आजाऱ्यांची नावं वाचायची, समोर बरोबरची खूण करायची, वही मिटायची. पलीकडे ऐकणारं कोणी आहे का, हा प्रश्न मी रोज उद्यावर ढकलत होते.

आजाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव सरांचं होतं. मी ज्या कॅथलिक मासिकाचं संपादन करते, ते माझ्याआधी सर चालवत. निफाडकडच्या एका खेड्यात, धर्मशिक्षकाच्या घरी त्यांचा जन्म. नाशिकच्या एका दैनिकात पंचवीस वर्षं बातमीदारी, मग आमचं मासिक, आणि या सगळ्यातून वेळ काढून लिहिलेल्या तीन कादंबऱ्या. छापलेल्या शब्दाबद्दल ते फार कडक. दैनिकात असताना एकदा त्यांनी लासलगावचे लिलाव सुरू राहतील अशी बातमी दिली आणि बाजार बंद निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने ते तिथे गेले आणि कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत एकेका शेतकऱ्यापाशी उभं राहून म्हणाले, "चूक माझी होती." काहींनी शिव्या दिल्या, एकाने चहा पाजला. ही गोष्ट सर नेहमी त्या शिव्यांसकट सांगायचे.

आता त्यांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. डॉक्टरांचं म्हणणं, शस्त्रक्रिया केली तर आशा आहे, नाही तर थोडेच महिने. सरांनी नाही म्हणून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी मार्थाबाई गेल्या होत्या. प्रत्येक प्रकरण लिहून झालं की सर ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांना वाचून दाखवत. चौथी कादंबरी लासलगावच्या एका हमालाची होती. तिची शेवटची दोन प्रकरणं राहिली असताना मार्थाबाई गेल्या आणि सरांनी लेखणी खाली ठेवली, ती ठेवलीच.

त्यांच्या मुलीने, रूथने मला फोन केला. "ताई, माझं ऐकत नाहीत. तुम्ही सांगून बघा ना." मी नेहमीप्रमाणे तयारी करून रुग्णालयात गेले. शस्त्रक्रिया का करावी याचे सात मुद्दे काढले होते. सरांनी सगळे शांतपणे ऐकले.

"यादीबाई," ते मला याच नावाने हाक मारत, "सातही मुद्दे बरोबर आहेत. पण आता वाचून कोणाला दाखवू? तो आठवा मुद्दा तुझ्या कागदावर नाही."

मी उठून आले.

आमच्या चर्चच्या फादरांनी हळू आवाजात सुचवलं की मृत्युलेख लिहून ठेवलेला बरा. पद्धत तशी सरांचीच होती. ते म्हणायचे, जिवंत माणसाबद्दल खरं लिहिलं जातं, गेल्यावर सगळे संत होतात. मंगळवारी इंदिरानगरच्या घरी बसून मी तो लिहिला. जन्म, नोकरी, पुस्तकं, सगळं क्रमाने. कादंबरीपाशी आले आणि हात अडला. मग लिहिलं: 'त्यांची चौथी कादंबरी त्यांनी नुकतीच पूर्ण केली होती.' खोटं होतं, मला माहीत होतं. पण अपुरी राहिली असं लिहवेना.

बुधवारी नव्या अंकाची प्रुफं सरांना द्यायची होती. पलंगावर पडूनही ती तपासायचा त्यांचा हट्ट होता. रुग्णालयात जाताना मी नाशिकरोडला बाळ येशूच्या दर्शनाला थांबले. दुपारची वेळ, आत एक बाई लादी पुसत होत्या, बाकी कोणी नव्हतं. वही उघडली, पण सरांच्या नावापुढे जाता येईना. शेवटी एवढंच म्हणाले, "माझे सातही मुद्दे संपले. आता तुझं तू बघ." याला प्रार्थना म्हणावं की नाही कोण जाणे. पहिल्यांदाच मी खूण न करता वही मिटली.

रुग्णालयात सरांच्या हाती पाकीट दिलं आणि रूथला घेऊन खाली चहाला गेले. वीस मिनिटांनी परत आलो तर सर चष्मा लावून, लाल पेन्सिल घेऊन बसले होते. मांडीवरच्या पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'मृत्युलेख – सर'. फादरांना दाखवायला म्हणून मी तो बरोबर घेतला होता; प्रुफांचं पाकीट माझ्या पिशवीतच राहिलं होतं.

मी दारातच थांबले.

"ये, बस," सर म्हणाले. "मयताच्या घरी दारात उभं राहू नये."

रूथ रडायलाच लागली.

"रडतेस काय? मजकूर बरा आहे. थोडा फुगवलाय, एवढंच." त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. 'ख्यातनाम' खोडलं होतं. 'अजातशत्रू'च्या शेजारी समासात लिहिलं होतं: 'लासलगावात विचारून खात्री करावी.' मला हसू आलं आणि रडूही आलं. मग पेन्सिल त्या वाक्यावर येऊन थांबली.

"हे खोटं आहे."

"हो, सर."

"माहीत असून लिहिलंस?"

"अपुरी राहिली असं लिहवेना. तुम्ही खोडा."

त्यांनी पेन्सिल कागदावर टेकवली. मी रेघ ओढली जायची वाट पाहत होते. पेन्सिल तिथेच राहिली. सर त्या वाक्याकडे बघत होते, खूप वेळ. मग पेन्सिल उचलून त्यांनी रूथला विचारलं, "डॉक्टर किती वाजता येतात?"

शस्त्रक्रिया झाली. अशक्तपणा बरेच दिवस गेला नाही. मग एका रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर त्यांनी मला घरी बोलावलं. स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी रूथ आणि मी मटार सोलत बसलो आणि सरांनी नुकतंच लिहिलेलं उपांत्य प्रकरण वाचलं. मध्येच थांबून म्हणाले, "मार्था या ठिकाणी उठून दूध बघायची. तुम्ही दोघी नुसत्याच बसता." रूथ उठली आणि दूध बघून आली.

शेवटचं प्रकरण त्यांनी पुढच्या वर्षी संपवलं. त्यानंतर दीड महिन्याने, झोपेतच, ते गेले.

पाकिटांची अदलाबदल कशी झाली, हे मला आजही सांगता येत नाही. दोन्ही एकाच रंगाची होती, मी थकलेली होते. एवढं कारण पुरेसं आहे असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. माझ्या नीटनेटकेपणातून जे घडलं नाही, ते माझ्या चुकीतून घडवून घेतलं गेलं, एवढं मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल मी परमेश्वराची ऋणी आहे. वही मी अजून ठेवते. फक्त शेवटचा क्रमांक घालून त्यापुढची ओळ कोरी सोडते. ती माझी नाही.

मृत्युलेख मी सरांच्या सगळ्या दुरुस्त्यांसह छापला. त्या एका वाक्यात मात्र काही बदलावं लागलं नाही, 'नुकतीच' हा शब्दसुद्धा नाही. मूळ कागद माझ्या वहीत आहे. त्या वाक्याखाली पेन्सिल टेकली होती तिथे एक लाल ठिपका आहे.