दोरीचं वरचं टोक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून लपवलेलं तसं फार काही नाही माझ्याकडे. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायचो, माधव गणित. तो कायम वर्गाचं दार उघडं ठेवून शिकवायचा. बाहेर पुढच्या बॅचचा गोंधळ, रिक्षांचे हॉर्न, तरी दार उघडंच. पोरं म्हणायची, सरांना वारा लागतो. खरं कारण एकट्या मला ठाऊक होतं. तो औशाकडच्या खेड्यातला. भूकंपात घर अंगावर आलं तेव्हा लहान होता. आई गेली. हा दगडमातीखाली अडकला. वडिलांनी हातांनी उकरून बाहेर काढला. तेव्हापासून बंद जागेत त्याचा जीव घुसमटायचा. हे त्याने एकदा टपरीवर चहा पिता पिता सांगितलं, आणि वर म्हणाला, कुणापाशी बोलू नकोस. मी म्हटलं, येडा आहेस का?

निकाल चांगला लागला म्हणून संचालकांनी मास्तरांची सहल कोकणात पाठवली. पुढारपण माझ्याकडे. आम्ही पडलो लातूरचे — पाणी आम्हाला माहीत ते टँकरचं, पोहायला येणार कुठून? तिथे एकाची बोट होती. समुद्राच्या तळावर चालवून आणायचा. डोक्यावर काचेचं जड हेल्मेट, बोटीवरच्या पंपातून नळीने खाली हवा, अंगाला वजनं बांधलेली. कमरेला दोरी, त्रास झाला तर ती हलवायची. एवढीच शिकवणी. पोहता येत नसलं तरी चालतं म्हणाला, आणि आम्हाला तेच हवं होतं.

बाकीचे आपापली फेरी मारून किनाऱ्यावर जेवायला गेले. माधव चालढकल करत शेवटी राहिला. मी त्याला चिडवलं नाही, असं लिहायचा मोह होतोय — चिडवलं. पण जायचं त्याने स्वतःच ठरवलं. "किती दिवस दार उघडं ठेवून जगायचं?" म्हणाला, आणि हसला.

तेवढ्यात पंप अडखळला. बंद पडला, पुन्हा सुरू झाला. मशीन तापलंय, थोडं थांबू, असं बोटवालाच म्हणाला. आणि मी — मी घड्याळ बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासची टेस्ट होती. त्या दिवसांत आमच्याकडे मास्तराच्या घरी मयत झालं तरी टेस्ट पुढे ढकलत नसत. मी म्हटलं, एकच तर माणूस राहिलाय, उरकून घ्या. प्रत्येकासोबत खाली जाणारा बोटवाल्याचा गडीही पंपाकडे बघायला वरच थांबला. दोरीचं टोक त्याने माझ्या हातात दिलं.

माधव खाली पोचला, आणि पंप बंद पडला.

दोरी हलली. थांबून पुन्हा हलली. नीट, शिकवल्याप्रमाणे — वर्गात एखादं पोरगं शंका विचारायला हात वर करतं तशी. मी ओरडलो. ते दोघं पंपाशी झटत होते, आता होईल, आता होईल म्हणत. मी दोरी ओढली, येईना. उडी मारू? मला काय येत होतं? दोरी परत हलली. मग हलायची थांबली. त्या गड्याने उडी मारली ती त्यानंतर. माधवला वर आणला तेव्हा डोक्यावर हेल्मेट नव्हतं. आत हवाच नाही म्हटल्यावर माणूस ते काढणार नाही तर काय करणार?

माधवच्या वडिलांनी ग्राहक मंचात तक्रार केली. भरपाईचं त्यांना काही नव्हतं. "माझ्या लेकराची चूक नव्हती, एवढं साहेबानं लिवून द्यावं," हेच ते भेटेल त्याला सांगायचे. मग बोटवाल्याचा वकील मला भेटला. पंपाचा विषय निघाला की 'उरकून घ्या' कोण म्हणालं, तेही निघेल, इतकंच बोलला. मला तेवढं पुरलं. संचालकांनाही क्लासचं नाव यायला नको होतं, पण त्यांच्यावर कशाला ढकलू?

मी साक्ष दिली. पंप चालू होता, म्हटलं. दोरी हलली नाही. माधवला बंद जागेची भीती होती, भूकंपात गाडला गेला होता, वर्गाचं दारसुद्धा लावायचा नाही. तो घाबरला आणि हेल्मेट स्वतःच काढलं. बोलू नकोस म्हणाला होता, ते सगळं मी शपथेवर बोललो. तक्रार फेटाळली गेली.

बाहेर आलो तर वडील लिंबाखाली उभे. टाळायला वाट नव्हती.

"सर, लई घाबरलं व्हतं का वो लेकरू?"

तेव्हा तरी नाही म्हणता आलं असतं. तिथे वकील नव्हता, साहेब नव्हता. मी म्हटलं, "हाव."

ते आपल्या हातांकडे बघत राहिले. "मी आधी चुलीकडं उकरत राहिलो, सर. ते दुसऱ्या कोपऱ्यात व्हतं. लई उशीर झाला माझ्याकडनं. तवाच बसलं ते भ्या. म्हंजी माझ्यानंच गेलं लेकरू."

त्यांना औशाच्या बसपर्यंत सोडलं, खिडकीतून पिशवी वर दिली. मला फार बरं वाटलं — ते गेले म्हणून. हेही सांगूनच टाकतो.

त्यानंतर किती वेळा त्यांच्या गावच्या फाट्यावरून गेलो. एकदाही उतरलो नाही. मग कळलं, ते वारले. शेवटपर्यंत येईल-जाईल त्याला चुलीचंच सांगायचे म्हणे.

दोरी हलली होती. माझ्या हातात होती ती.