आजोबांची कॅसेट आणि गऱ्यांचे डबे

मी गरे खाल्ले नाहीत, हे मी त्या मोसमात देवाची शपथ घेऊन सांगितलं, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, तरी शेडमधल्या एकाही बाईचा विश्वास बसला नाही! आता सगळं निवळलं, माझं नाव धुऊन निघालं, म्हणून हसत सांगते. तेव्हा मात्र मला हसू येत नव्हतं.

शेडमधले किस्से हे आठळ्यांसारखे. फणस फोडताना लक्षात येत नाही, आणि संध्याकाळी बघावं तर विळीखाली हा ढीग! त्यातून कॅसेटचे किस्से तर असे साठलेत की एक उचलला की खालून दुसरा हात धरतो.

आधी माणसं सांगते. रत्नागिरीत वहिनींच्या घरामागे पत्र्याची शेड होती. वहिनी म्हणजे आमची मालकीण. उन्हाळा आला की तिथे कच्च्या फणसाचे गरे तळायचं काम चालायचं. हाताला खोबरेल चोपडून फणस फोडायची ती हमीदा. कढईवर मी, शालन. आणि तळलेले गरे निवडून डब्यात भरायची ती बायोआत्या, आमच्यात सगळ्यात म्हातारी. करपलेला वेगळा, मऊ पडलेला वेगळा. आत्याला भाकरी चहात बुडवून खावी लागायची, तोंडात एक दात नाही. म्हणूनच निवडायचं काम तिला. वहिनी म्हणायच्या, "या जागेवर बिनदाताचंच माणूस हवं! दाताचं बसवलं तर डबा भरायचाच नाही."

तर त्या मोसमात डबे भरेनात. म्हणून सगळ्यांच्या नजरा कढईवाल्या बाईकडे. म्हणजे माझ्याकडे!

* * *

टेप आणला हमीदाच्या दिरानं, शकीलनं, कुवेतहून. सोबत दोन कॅसेटी. एक हिंदी सिनेमाची. ती आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत इतकी वाजवली की एके दिवशी टेपनं तिची आतडीच बाहेर काढली. उरली दुसरी. शकीलच्या कंपनीतला गोरा साहेब देश सोडून जाताना त्याला देऊन गेला होता. वर फोटो होता, स्वेटर घातलेला एक म्हातारा खिडकीशी बसलाय, आणि आपल्याकडे बघतसुद्धा नाही.

लावली. आधी नुसती घंटीसारखी काहीतरी टिणटिण, तीही थांबत थांबत. मग तो माणूस हळूच काहीतरी बोलल्यासारखं गायला लागला.

बायोआत्यानं सूप खाली ठेवलं. "कोण गेला गो यांच्यात?"

वहिनी दारातून ओरडल्या, "बंद करा ते! सुतकात बसल्यासारखं वाटतंय."

मी म्हटलं, "बंद केलं तर दिवसभर तुमचं ऐकावं लागेल वहिनी. असू दे तो."

त्या दिवसापासून त्याचं नाव आजोबा. "आजोबांना लाव गो," म्हटलं की जिचा हात कोरडा असेल ती उठायची.

* * *

शकील एकदा शेडमध्ये आला तेव्हा मी विचारलं, "हा गृहस्थ पहिल्यापासून असाच का?"

तो म्हणाला, "नाय हो ताई! तरुणपणी हा तोंडाला रंग फासायचा, अंगावर पिसं लावायचा. एकेक गाणं अर्धा अर्धा तास. मोठमोठे दिवे, धूर, नाटकच सगळं. आता म्हातारा झाला. ही कॅसेट त्यानं घरात बसून केली म्हणे."

मला माझ्या माहेरचे दाजी आठवले. माझं माहेर मालगुंडच्या पलीकडे. दाजी गावच्या नमनाच्या खेळात राक्षसाचं सोंग घ्यायचे. तोंड काळं, कापडाची लाल जीभ छातीपर्यंत. ते आरोळी ठोकत आले की पोरं आईच्या पदरात मुतायची! नंतर वय झालं, सोंग दुसऱ्याकडे गेलं. मग दाजी पडवीत सुंभ वळत बसायचे आणि तीच नमनातली गाणी आपल्यापुरती म्हणायचे. आवाज तोच. फक्त आता कुणाला घाबरवायचं नव्हतं.

शकीलला म्हटलं, "तुझ्या या आजोबांचंही तेच झालंय. सोंग उतरून ठेवलंय आणि आता बरं वाटतंय त्यांना."

"म्हणजे आवडली कॅसेट?"

"आवडली असं कधी म्हटलं? माणूस ओळखीचा निघाला!"

* * *

खरं सांगायचं तर आवडली होती. पण का आवडली ते मला कढईनं सांगितलं.

गरे डोळ्यांनी तळत नाहीत, कानांनी तळतात. तेल तापलं, गरे सोडले, वरून मिठाचं पाणी टाकलं की कढई तडतडते. मग ती हळूहळू गप्प होत जाते. गप्प झाली, झाऱ्यानं हलवल्यावर गरे खणखण वाजले, की उपसायचे. सिनेमाच्या गाण्यांत कढईचं काही ऐकूच यायचं नाही. माझे निम्मे घाणे त्या गाण्यांनी करपवलेत!

आजोबा गायला लागल्यापासून मला कढई ऐकू यायला लागली. दोन ओळींच्या मध्ये तो एवढी जागा सोडायचा की त्यात माझा घाणा तळून व्हायचा. असं गाणारा माणूस मी पाहिला नाही. दुसरे गाणारे आपल्या अंगावर येतात. हा सरकून बसतो आणि म्हणतो, बस तू पण.

हे मी वहिनींना सांगायला गेले. म्हटलं, "कॅसेट बदलली म्हणून गरे चांगले होतायत."

वहिनी म्हणाल्या, "हो का? मग आजोबांना सांग, कढईवर पण त्यांनीच बसा."

* * *

मे महिन्यात मुंबईवाले गरे न्यायला यायचे. असाच एक काळ्या टीशर्टवाला मुलगा आला, केस खांद्यापर्यंत. डबे घेताना एकदम थांबला. टेपकडे बघतो, माझ्याकडे बघतो.

"मावशी, तुम्ही हे ऐकता?"

"का? परवानगी लागते?"

"तसं नाही... कोण आहे हा, माहिती आहे का तुम्हाला?"

"आमचा आजोबा!"

तो जमिनीवर फतकल मारून बसला आणि एक अख्खी बाजू ऐकून उठला. जाता जाता म्हणाला, "मावशी, माझ्या सगळ्या मित्रांना याची जुनी गाणी आवडतात. ही कॅसेट नाही आवडली कुणाला. म्हणतात फार शांत आहे, यात काही घडतच नाही."

मी म्हटलं, "त्यांना एक दिवस कढईवर बसव. घडतं का नाही कळेल!"

* * *

एका गाण्याला मात्र हमीदा विळी थांबवायची. तिचा नवरा ट्रॉलरवर. समुद्र खवळला की ही फणसाशी बोलत नाही, माणसांशी बोलत नाही. त्या गाण्यात म्हातारा एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायचा, आणि दर वेळी अजून हळू.

हमीदा म्हणायची, "कुणाची तरी वाट बघतोय."

बायोआत्या म्हणायची, "देवाला हाक मारतोय." आत्याचं तोवर अगदी बदललं होतं. टेपला चिकटून बसायची, डोळे मिटलेले, मांडीवर सूप, बाजूला डबा. "मन लागतं गो माझं इथं," म्हणायची. आम्हाला भरून यायचं.

वहिनी म्हणायच्या, "वीजबिल आलं असेल."

शेवटी शकीलला धरून बसवला आणि अर्थ विचारला. त्यानं कान लावून दोनदा ऐकलं. मग जरा ओशाळून म्हणाला, "काय नाय भाभी. खुंटीवर ओला कोट टांगलाय, एवढंच म्हणतोय."

आम्ही सगळ्या फिसकन हसलो. हमीदा नाही हसली. म्हणाली, "मग बरोबर हाय ना! कोट ओला हाय, म्हणजे पावसातून आला ना घरी? आला ना?"

आणि तिनं फणसाला जी विळी घातली!

त्या रात्री वारा सुटला होता. सकाळी नवरा मिरकरवाड्याच्या बंदराला सुखरूप लागला. हमीदानं येताना मला बांगडे आणले आणि आजोबांच्या फोटोवरची धूळ ओढणीनं पुसली.

* * *

इकडे डबे उणेच. रोज वजन करताना वहिनींचा आवाज चढायचा. "शालन, तळणारा माणूस चव बघतो हे मला कळतं. पण डबाभर चव?"

"मी एक गरा तोंडात टाकला असेल तर माझी जीभ झडो!"

बायोआत्या डोळे न उघडता म्हणायची, "शपथा नको घालू गो. भूक कुणाला चुकलीय? मी काय बोलत्ये का तुला?"

यावर वहिनींनी काय शक्कल काढावी? मला म्हणाल्या, "उद्यापासून तळताना तोंडानं गाणं म्हणायचं. गाणाऱ्या माणसाला चावता येत नाही."

मी अख्खा दिवस आजोबांबरोबर गुणगुणले. शब्द कसले येतायत! नुसतं हूं हूं. घसा बसला, जीभ कोरडी पडली. संध्याकाळी वजन केलं तर गरे कमीच!

वहिनी म्हणाल्या, "तरीच मी म्हणत होते. तोंड उघडून कुठे गात होतीस? हूं हूं करताना चावता येतं!"

मग त्यांनी स्पष्टच सांगितलं. या आठवड्यात डबे पुरे भरले नाहीत, तर पुढच्या आठवड्यापासून शालननं यायचं नाही. पोटाचं मी दुसरीकडे बघितलं असतं, आजवर कुणापुढे हात पसरला नाही. पण चोरटी म्हणून बाहेर पडायचं? त्या दिवशी परत जाताना हमीदानं हळूच विचारलं, "खरं सांग शालन, एखादा तरी?" ते मात्र लागलं. वहिनींच्या ओरडण्यापेक्षा लागलं.

* * *

आणि आला शनिवार, आठवड्याचा शेवटचा दिवस.

आमचा नियम असा की दुसरी बाजू दिवस संपताना एकदाच लावायची, आणि चहा आला की टेप बंद. त्यामुळे कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. दर वेळी चहा मध्ये यायचा. त्या दिवशी दूध नासलं. वहिनी नव्या दुधाला माणूस पाठवून शेडमध्येच येऊन उभ्या राहिल्या. माझ्या अगदी समोर, नजर माझ्या तोंडावर.

मी शेवटचा घाणा उपसून भट्टी बंद केली. गार झालेले आधीचे गरे आत्याच्या सुपात होते. हमीदा हात पुसत होती. शेवटचं गाणं लागलं. आजोबा एकटेच, मागे ती टिणटिण. काय गात होते देव जाणे, पण दिवसभर राबून ओट्यावर टेकलेल्या माणसासारखा आवाज. मी क्षणभर चोरी विसरले, वहिनी विसरले.

आणि मधेच आजोबा थांबले.

टिणटिणही थांबली. कॅसेट संपली म्हणावं तर चक्र फिरताना दिसत होतं. हमीदा उठणार, तेवढ्यात मी हातानं थांब म्हटलं. शेडमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तेल गप्प. विळी गप्प. वहिनीसुद्धा गप्प!

आणि त्या शांततेत आवाज आला.

कुर्रुम.

वहिनींनी माझ्याकडे बोट केलं. मी तोंड उघडून आ केला. जीभ बाहेर काढली, गाल बोटानं ताणून दाखवले. आत काही नाही!

कुर्रुम. कुर्रुम.

वहिनींनी हमीदाकडे बघितलं. हमीदानं न सांगताच आ केला.

आम्ही तिघी वळलो. टेपच्या बाजूला, मांडीवर सूप, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर अशी शांती की देवळात दिसायची नाही. आणि हलणाऱ्या ओठांच्या मधून पांढरेशुभ्र, एका रांगेत, वरचे आणि खालचे, कोरे करकरीत दात!

टेपमधला म्हातारा पुन्हा गायला लागला. मी तिथेच रिकाम्या डब्यावर टेकले. वहिनी ओरडल्या,

"बायोआत्या!"